कडेवरची खूण

हेनाओने ओल्या मडक्याच्या पोटात गोटा धरला आणि बाहेरून लाकडी फळीने ते थोपटू लागली. मांडवातली चाळीस पोरं तिचं बघून आपापली मडकी बडवत होती.

"आजी, माझं बसलं."

"तू थोपटत नाहीस, मारतोस. बायको पळून जाईल तुझी."

पोरं हसली. राजधानी मोरेस्बीतल्या शाळांची पोरं. निम्म्यांचे आईबाप डोंगरातून आलेले. शहराच्या याच किनाऱ्यावर मडकी घडत असत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ती शिकतील म्हणून हेनाओ आली होती. खरं तर कोनिओने बोलावलं म्हणून. कोनिओ तिच्या भावाची मुलगी. आई गेल्यावर हेनाओच्याच चुलीपाशी वाढलेली, आता शहराच्या वारसा उपक्रमाची प्रमुख. तिने वाटलेल्या कार्यक्रमपत्रिकेत पुढची ओळ होती :

११.०० – मडक्यावर शहराची खूण काढणे

"शहराची कुठली खूण?" हेनाओने विचारलं.

कोनिओने फलकावरचं कापड ओढलं. तीन उभ्या रेघा, शेजारी नखाएवढी खोच. खाली ठळक अक्षरं : हेनाओआजींनी शहराला दिलेली खूण.

हेनाओने फळी खाली ठेवली.

पूर्वी हेनाओच्या गावातले पुरुष बायकांनी घडवलेली मडकी गलबतात भरून पश्चिमेला नेत, बदल्यात सागोच्या झाडाचं पीठ आणत. कुठलं पीठ कुणाच्या घरी जायचं ते मडक्याच्या कडेवरची खूण सांगे. दुसरीची खूण आपल्या मडक्यावर ओढणं म्हणजे तिच्या पुढ्यातलं ताट उचलणं. गलबतं थांबली, रीत राहिली.

"मी कधी दिली?"

"आत्या, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"तुझ्यामागे कोण काढणार होतं ती? आता निदान शहरभर राहील."

पोरांनी शिंपल्यांनी रेघा ओढायला घेतल्याही होत्या. हेनाओ पाण्याचा वाडगा घेऊन उठली. अंगठा भिजवायचा, कड पुसायची. पुढचं मडकं.

"आजी, चुकलं का माझं?" एका मुलीने विचारलं.

"चुकलं नाही. ती माझी आहे. तू तुझी काढ."

"कशी?"

"शंभरात तुझं मडकं तुला ओळखू यायला हवं. तशी."

मुलीने विचार करून दोन डोळे काढले.

"आत्या, पाहुणे येतायत," कोनिओ मागून दबक्या आवाजात म्हणाली. "फलकाचं काय करू मी?"

हेनाओ पुढच्या मडक्याकडे वळली होती.

११.३० – समारोप

चाळीस झाली. एक्केचाळिसावं टेबलावर होतं. पातळ, गोल, नीट थोपटलेलं. कडेवर तीन रेघा आणि खोच, हात न थरथरता काढलेली.

"हे कुणाचं?"

"माझं," कोनिओ म्हणाली.

"कधीपासून काढतेस?"

"लहान होते तेव्हापासून. वहीत."

हेनाओचा अंगठा ओलाच होता. तिने तो झग्याला पुसला.

"मग राहू दे. तुला दुसरी सुचायची नाही."

कोनिओने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि ती हसली. पाहुणे आले, टाळ्या झाल्या. कुणीतरी हेनाओचं मडकं तिच्यासमोर आणून ठेवलं, हातात शिंपला दिला.

"आजी, आता तुमची खूण."

हेनाओने शिंपला कोनिओच्या हातात ठेवला आणि आपलं मडकं कोऱ्या कडेनिशीच पोरांच्या रांगेत वाळायला सरकवलं.