घोड्याच्या घरात

पर्वत पाटिया वस्तीतल्या मराठी मंडळाचा बुद्धिबळ संघ कुठंही खेळो, पहिल्या पटावर, म्हणजे मानाच्या जागी, दिलीपराव बसणार, हे नऊ वर्षं ठरलेलं. बँकेत कॅशियर, बोलणं मोजून आणि नियम तोंडपाठ. शहाण्णव साली मात्र बारडोलीच्या सामन्याआधी कमिटीनं सांगितलं, आधी उखाशी खेळा, जिंकेल तो पहिल्या पटावर. उखा कापडाच्या लूमवर काम करणारा, धुळ्याकडचा, मंडळात येऊन वर्षही झालं नव्हतं. दिलीपरावांना हे फार लागलं. घरी पत्नी वंदनाताईंनाही ते बोलले नाहीत.

रविवारी दुपारी डाव बसला आणि उखानं त्यांना घाम फोडला की हो! गडी गावच्या पारावर शिकलेला, पण असा रेटत आला की दिलीपरावांच्या घड्याळात दोन मिनिटं उरली. उखाचं एक प्यादं शेवटच्या ओळीच्या तोंडाशी पोचलं होतं. दिलीपरावांचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात त्यांना वाट दिसली. त्यांनी वजीर कडेला सरकवला. आता पुढच्या खेळीला मात. उखाच्या ते ध्यानातच आलं नाही.

त्यानं प्यादं पुढं ढकललं, बाजूला पडलेला मेलेला घोडा उचलून तिथं ठेवला, घड्याळ दाबलं आणि जीभ चावली. गावाकडच्या खेळात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच होतं. घोड्याच्या घरात घोडा. इथं सरळ वजीर घेता येतो, पण हात सवयीनं गेला होता.

"साहेब, चुकी झाली. वजीर घेऊ द्या ना."

घेऊ दिला असता तरी मात होतीच. पण आयुष्यभर नियम सांगितलेली जीभ थांबते थोडीच? शिवाय, खरं सांगायचं तर, लूमवाल्याला पायरी दाखवायची खुमखुमीही होतीच.

"ठेवलास तो ठेवलास," दिलीपराव म्हणाले.

मात करायला त्यांनी वजिराकडे हात नेला आणि तो तिथंच अडला. घोड्याचा त्यांच्या राजाला शह होता, आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात वजीर. राजा हलवावा तर वजीर जातो. उखाही वाकून पाहू लागला. त्यालाही आत्ताच दिसत होतं. बिचारा कावराबावरा झाला.

"साहेब, मी मागितलाच होता वजीर. अजून बदलू का?"

तो खरंच विचारत होता. एक 'हो' म्हटलं की बारडोली हातात. घड्याळ चालू. दिलीपरावांना स्वतःच्या जिभेचा असा राग आयुष्यात आला नव्हता. त्यांनी राजा आडवा केला. वर मान करणं काही जमलं नाही.

"पहिल्या पटावर तुम्ही बसा, उखाभाऊ."