तीन नंबरचा प्लग

…आणि चिनी मातीच्या त्या पांढऱ्या नळीवर तो ठिपका होता — मोहरीहून बारीक, चांदीसारखा चकचकीत, नखानं खरवडूनही न निघणारा. कैलासनं तो स्पार्क प्लग खिडकीपाशी उजेडात नेला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिला. ठिपका एक नव्हता, तीन होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्लग बाकावरच्या फडक्यावर ओळीनं ठेवले होते, तिन्ही बदामी रंगाचे, निरोगी. आणि हा तिसऱ्याचा एकच असा, अंगावर दुसऱ्याचं काहीतरी घेऊन आलेला. दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं, हे त्याला ठाऊक होतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम, आतल्या आत वितळून उडालेलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तसं स्वतःशी कबूल करणं वेगळं, म्हणून तो मनाशी म्हणाला, कचरा असेल, पाच महिने गाडी बंद आहे, काहीही असू शकतं.

टक्… टक्… टक्…

त्यानं मान वर केली. छपराचा पत्रा तापत होता, फाल्गुनातलं ऊन दहा वाजताच चढलं होतं, पत्रा तापला की वाजतोच. घरी पंखा वाजतो, बायकोच्या, मोहिनीच्या, कुकरची शिटी वाजण्याआधी झाकण वाजतं, शेजारच्या देवळात कुणी नारळ आपटून पाहतं — पाच महिने झाले, सगळ्याच वस्तू त्याच लयीत वाजू लागल्या होत्या. मोहिनी एकदा म्हणाली होती, "तुमी जेवता जेवता काऊन थांबता हो? कोणाचा आवाज आयकून राह्यले?" कोणाचा नाही, असं सांगून त्यानं भातावर वरण ओढून घेतलं होतं.

गाडी सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून आली. कारंज्यात हायवेच्या कडेला अठरा वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला चेपलेल्या गाड्यांचं नवल नसतं, पण या गाडीच्या मागच्या डाव्या दाराकडे त्याच्यानं पाहवेना. ते दार सीटपर्यंत आत गेलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या दाराशी देवकाबाई बसल्या होत्या, आणि गाडी चालवत होता त्यांचा मुलगा अंकित. आष्टीच्या रस्त्यावर संत्र्याच्या पेट्या भरलेल्या ट्रकला ओलांडताना समोरून टँकर आला, अंकितनं गाडी घाईनं डावीकडे घेतली, आणि ट्रकचं तोंड त्या दारात घुसलं. अंकितला धड खरचटलंही नाही. देवकाबाई जागच्या जागी गेल्या.

"इंजिन चांगलं असन तर इकून टाकू," डोमाजीकाका सकाळी म्हणाले होते. देवकाबाईंचा नवरा, अंकितचा बाप, पंधरा एकर संत्र्याचा मालक. पण आता सदरा खांद्यावरून उतरलेला, जणू थोरल्या भावाचा घातला आहे. "नीट पाहून ठेवजो बापा. चार वाजता येतो मी." जायला वळले, पुन्हा थांबले, बोनेटवर हात ठेवून काही विचारायचं असल्यासारखे उभे राहिले, आणि न विचारताच गेले.

चारला अजून सहा तास होते. इंजिन चांगलं आहे की नाही, एवढंच तर सांगायचं आहे. तेवढ्यालाच का घाबरतोस, कैलास?

त्यानं दुसरी बॅटरी जोडली, प्लगच्या भोकात दाबाचं घड्याळ बसवलं, स्टार्टर फिरवला. पहिल्यात एकशे सत्तर, हवा तेवढा दाब. दुसऱ्यात एकशे पासष्ट. तिसऱ्यात काटा उठला, जागच्या जागी थरथरला आणि चाळिसावर बसला, पुढे जाईना. त्यानं घड्याळ काढलं, पुसलं, पुन्हा लावलं — चाळीसच. चमचाभर तेल आत सोडून पाहिलं, तरी फरक नाही. मग हवेची नळी लावली तेव्हा तेल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली, आजारी माणसानं तोंडानं श्वास घ्यावा तशी. शेवटी त्यानं बारीक कॅमेऱ्याची वायर आत सोडली आणि मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. पिस्टनचा काठ एका बाजूनं गेलेला होता. भाकरीचा काठ उंदरानं कुरतडावा, तसा. कचरा नव्हता तो. आता स्वतःलाही फसवायची सोय उरली नाही.

टर्बो म्हणजे काय, हे अंकितला त्यानंच या बाकावर बसून समजावलं होतं, गेल्या उन्हाळ्यात. धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. कंपनीनं ती हवा मोजून ठेवलेली असते. "पन वाढवता येते ना, कैलासभाऊ?" अंकितचे डोळे लकाकले होते. वाढवता येते. नागपूरला चार दिवस शिकून कैलासनं नुकताच लॅपटॉप आणला होता, साऱ्या तालुक्यात असलं काम करणारा दुसरा कुणी नव्हता, आणि खरं सांगायचं तर अंकितपेक्षा त्यालाच घाई होती. लॅपटॉपवरून त्यानं अंकितच्या गाडीची हवा वाढवून दिली. आतले पिस्टन, रॉड, रिंगा सगळं कंपनीचंच. तेवढ्याच भाराला घडवलेलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे काय त्याला कळत नव्हतं? नागपूरच्या मास्तरनं बजावलं होतं, आतलं बदलल्याशिवाय एवढं वाढवू नका, आणि आपल्याकडच्या उन्हात तर नकोच. पण पहिल्याच फेरीला गाडी तळेगावच्या चढावर अशी उसळली की दोघंही पोरांसारखे ओरडले.

मग दसरा. तो दिवस तो टाळत होता आणि तो दिवस काही त्याला टाळत नव्हता.

त्या दिवशी याच बाकावर लाल कापड अंथरून हत्यारं मांडली होती — पाने, हातोडी, जॅक, आणि मधोमध तो लांब स्क्रू ड्रायव्हर, ज्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो अठरा वर्षं इंजिनांच्या छातीतलं ऐकत आला होता. लॅपटॉपच्या झाकणावरसुद्धा हळदीकुंकू. सगळ्यांवर झेंडू. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील, अंकितनं गाडी दारात आणून उभी केली, इंजिन चालूच. "भाऊ, जराक आयका ना. सकाळपासून टकटक करून राह्यली." देवकाबाई मागे बसल्या होत्या, नवं हिरवं पातळ नेसून, आष्टीला भावाकडे सोनं द्यायला निघालेल्या, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. कैलासचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. झेंडूला बोटं लागलीही.

"राहू दे बापा," देवकाबाई खिडकीतून म्हणाल्या. "आजच्या दिशी हत्याराले हात लावू नाई. उद्या पाहजो. गाडी काय पळून जाते का?"

हात मागे आला. त्यानं हसून म्हटलं होतं, "बरं माय. अंकित, उद्या घेऊन ये." पिशवीतून दोन पानं काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली, "घे, सोन्यासारखा राह्य," आणि गाडी गेली. टक्… टक्… टक्… हायवेच्या आवाजात विरेपर्यंत त्याला ती ऐकू येत होती.

पाच महिने तो स्वतःला हेच सांगत आला होता — पूजेतलं हत्यार कसं उचलणार? त्यांनीच तर नको म्हटलं. कोणाही कारागिराला विचारा, दसऱ्याला हत्यार उचलत नाहीत. रीत आहे. रीतीच्या आड उभं राहिलं की माणूस कसा निवांत झाकला जातो… पण आज, हा प्लग तळहातावर धरून, अगदी त्या पानांच्याच जागी धरून, त्याला दुसरंच दिसत होतं. हत्यारं पूजेला बसली होती. कान कुठं बसले होते? तो आवाज ऐकायला मला स्क्रू ड्रायव्हर लागत नव्हता. दहा पावलांवरून मी ओळखला होता तो — पिस्टनवर मार बसतोय, आणि का बसतोय तेही. देवकाबाई नको म्हणाल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. हत्याराला हात लावायचा नव्हता. पण "हळू जा, कोणाले ओव्हरटेक करू नको" एवढं म्हणायला कोणतं हत्यार लागतं?

दुपारी डबा तसाच राहिला. त्यानं लॅपटॉप उघडला, झाकणावरचं कुंकू अजून पुसट होतं, आणि वायर गाडीला जोडली. गाडीच्या कॉम्प्युटरनं शेवटचा बिघाड नोंदवून ठेवला होता: तिसरं सिलिंडर बंद. त्या क्षणी वेग चौऱ्याऐंशी. आणि खाली एक ओळ — ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला.

पूर्ण दाबलेला. दवाखान्याच्या ओसरीवर अंकित हेच तर सांगत होता, रडत, प्रत्येकाचा हात धरून. "पाय पूरा दाबला होता, पन गाडीनं ओढलंच नाई. आयका ना, ओढलंच नाई तिनं." पोलिसानं कैलासला विचारलं होतं, गाडी तुमच्याकडेच असायची ना, काही दोष होता का? आणि त्यानं — त्यानंच, दुसऱ्या कोणी नाही — डोमाजीकाकांच्या समोर सांगितलं होतं, "नाई साहेब. गाडी एकदम ओके होती." काकांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं होतं. ती मान अजून सरळ झाली नव्हती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. प्लग पुसून टाकता येतो. नोंद तर एका बटणात जाते. "इंजिन गेलेलं हाय काका, भंगारात द्या," एवढं म्हटलं तर खोटंही नाही. त्यानं बोट बटणावर ठेवलं. पत्रा वाजत होता. बोट तिथंच राहिलं, किती वेळ कोण जाणे, आणि मग दारात चपला वाजल्या.

डोमाजीकाका स्टुलावर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून राहिले.

"काय निंगालं?"

"काका…"

"इकायचं तं निमित्त हाय रे," ते एकदम म्हणाले, खाली पाहत. "मले दुसरंच पुसाचं होतं. पोट्टं गाडीले हात लावत नाई आता. बगीच्यात सायकलनं जाते. पाच महिने झाले, मी त्याच्यासंग एक शब्द बोललो नाई. त्याच्या बहिणीच्या हातून ताट जाते त्याच्याकडे. राती मले वाटते, तो म्हणे ते खरं असन तं? मंग वाटते, कैलास खोटं काऊन बोलन? त्याले काय गरज हाय?"

त्याला काय गरज आहे. कैलासनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मग लक्षात आलं की त्यांना त्यातलं काही वाचता येणार नाही, म्हणून त्यानं तो ठिपकेवाला प्लगच त्यांच्या हातात दिला. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"अंकित खरं सांगत होता, काका. गाडीनं ओढलंच नाई. इंजिन तुटलं आधी. त्याची काहीच चूक नव्हती."

पेला कलंडला, पाणी काकांच्या धोतरावर सांडलं. प्लग मुठीत घट्ट धरून ते उठले, दाराकडे दोन पावलं गेले, घरच्या दिशेनं, मुलाच्या दिशेनं — कैलासला वाटलं, जातील, आता असेच जातील, आणि पुढचं न सांगताच सुटका होईल. जा काका. जा ना.

ते थांबले. वळले. डोळे भरलेले, पण ओळखीचे, अजून त्याच्यावर विश्वास ठेवणारे.

"तुटलं काऊन पन, कैलास?"

छपराकडून आवाज येत नव्हता. पंखा चालू होता, त्यातूनही नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुठंही काही टकटकत नव्हतं. आणि त्या शांततेत त्याला कळलं की तो आवाज होता तोवर निदान आडोसा तरी होता. लांब स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात होता, केव्हा उचलला ते आठवेना. त्यानं तो बाकावर ठेवला. आता हातात काही नव्हतं. समोर काका उभे होते, उत्तराची वाट पाहत.