सवत लिलावात निघाली

मास्तरांच्या निळ्या सुरईला काकू सवत म्हणायच्या, आणि उगीच नव्हे. नवा संसार मांडला तेव्हा हा बाबा पडदे आणायला म्हणून बाजारात गेला आणि काचेची सुरई घेऊन आला. वर्षभर खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून दिवस काढले. पुढे सुरईच्या जोडीला पेले आले, अत्तरदाण्या आल्या, कपाटं भरली, आणि ते सगळं पुसायचं कोणी? काकूंनी. जन्मभर पुसलं आणि जन्मभर बोलून दाखवलं.

आता दोघं दोन खोल्यांच्या घरात राहायला चालले होते. मास्तरांनी सगळी काच लिलावघराच्या हवाली केली. "सुटलीस बघ," एवढंच म्हणाले. काकूंना आनंद व्हायला हवा होता. सुरई मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला गुंडाळू दिली नाही. आधी मऊ कागद, मग जुनी शाल. मानेपाशी हात जरा हलका, कारण तिथे ती कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.

लिलावाच्या दिवशी दोघं मागच्या रांगेत बसले. पेले गेले, अत्तरदाण्या गेल्या, चांगल्या भावाने गेल्या. मास्तर आपले बुटांकडे बघत बसलेले. शेवटी हातमोजे घातलेल्या माणसाने सुरई टेबलावर आणून ठेवली, आणि कोणी हूं की चूं करेना. काकूंना ते फार लागलं. मेल्यांना डोळे आहेत की नाहीत?

मग पुढच्या रांगेतल्या एका व्यापाऱ्याने आळसावल्यासारखा हात वर केला. रद्दीचा भाव. "एक वार," लिलाववाला म्हणाला. "दोन वार."

काकूंचा हात वर गेला. कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. व्यापाऱ्याने वळून पाहिलं आणि बोली वाढवली. काकूंनीही वाढवली.

लिलाववाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "काकू, ही तर तुमचीच वस्तू. मालकाला स्वतःच्या वस्तूवर बोली लावता येत नाही."

"मालक हे," काकूंनी मास्तरांकडे बोट दाखवलं. "मी नुसती पुसणारी."

सगळं दालन हसलं. लिलाववालाही हसला, पण नियम तो नियम. "घरच्यांनाही चालत नाही. या व्यापाऱ्याची पहिली बोली तेवढी राहिली. हातोडा पडायच्या आत वस्तू मागे घेता येते, पण ते मालकानेच सांगायला हवं." आणि त्याने हातोडा उचलला.

मास्तर हळूच काकूंना म्हणाले, "अगं, पण तूच तर म्हणायचीस, ही ब्याद कधी जाते एकदाची."

"म्हणायचे ना. सवत माझी आहे, तिला बोलायचा हक्क माझा. दुसऱ्या कोणी तिला रद्दीच्या भावात न्यायची नाही. अहो, जन्मभर वर्गात ओरडलात, आता एकदा तोंड उघडा."

मास्तर उभे राहिले. "मागे घेतली," ते म्हणाले. लिलाववाल्याने हातोडा अलगद खाली ठेवला.

परतताना टॅक्सीत सुरई काकूंच्या मांडीवर होती, शालीत गुंडाळलेली. मास्तरांनी वरून हात ठेवला होता आणि खड्डा आला की तो घट्ट करत होते.

"नव्या घराच्या खिडक्यांना पडदे नाहीत," ते म्हणाले. "या वेळी खरंच घेऊन येतो."

"काही नको," काकू म्हणाल्या. "ही खिडकीत बसणार. पडदे लावले तर हिच्यावर ऊन कसं पडायचं?"