गाडीचा तोल

आमचे भाऊजी विमा कंपनीत दुसऱ्यांच्या अपघातांचे दावे तपासतात. लोक किती मूर्खपणा करतात याचे किस्से ते जेवताना रंगवून सांगतात. असा माणूस स्वतःच्या घरात तरी चुकणार नाही, असं वाटतं खरं.

तर भाऊजींना शोध लागला की गाडी पुढून जड आहे. उपाय एकच: बॅटरी पुढून काढून मागे डिकीत न्यायची.

"पंधरा किलो मागे गेले की तोल साधतो," भाऊजी म्हणाले.

त्यांच्या आईनं पोराच्या पोटाकडे बघितलं. "अरे, मग तूच मागे बस की. वायरी कशाला उसवतोस?"

पण वायरी उसवल्या गेल्या. बॅटरी डिकीत बसली, लांबलचक वायर सीटखालून पुढे गेली. भाऊजींचं एक तत्त्व आहे: नट कधी करकचून आवळायचा नाही, उद्या काढायला सोपं जावं. आणि डिकीच्या कुलपाचं भोक त्यांनी मागेच बुजवून रंगवलं होतं. "बटणावर उघडते, मग भोक हवं कशाला?"

ताईला हे सगळं ऐकायला सवड नव्हती. घरच्या ओव्हनवर केक करता करता तिला पहिल्यांदाच एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर मिळाली होती. तीन थरांचा केक, संध्याकाळच्या आत पोचवायचा. आवडला तर दर आठवड्याला ऑर्डर, नाही तर राम राम. तिनं तीन थर तीन खोक्यांत भरून डिकीत जपून ठेवले. "झाकण हळू लावा," असं ती म्हणेपर्यंत भाऊजींनी ते धाडकन आपटलं होतं.

भाऊजींनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. डिकीचं बटण दाबलं. तेही ढिम्म.

"नट सैल होता ना?" ताईनं विचारलं.

"सैल नाही, हातानं बसवलेला होता."

"मग डिकी उघडा."

"त्याला बॅटरी लागते."

"आणि बॅटरी कुठंय?"

भाऊजींनी डिकीकडे बोट दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताईनं मागची सीट पाडली. त्या फटीतून दोन लहान खोकी बाहेर आली. सगळ्यांत मोठं काही केल्या येईना. तिनं टॅक्सी बोलावली आणि टॉर्च भाऊजींच्या हातात दिला.

"शिरा आत."

"मी मावणार नाही गं."

"मावाल. आधी श्वास सोडा."

खांदे गेले, पोट अडलं. ताईनं पाठीमागून रेटलं, तेव्हा ते आत पोचले. बॅटरीपुढेच मोठं खोकं होतं; ते मांडीवर घेतल्याशिवाय हात पोचेना. आतून कण्हणं, मग "आई गं!", मग खट्ट. नट आवळला गेला; ताईनं बटण दाबलं आणि डिकी उघडली. घामानं निथळलेले, विस्कटलेले भाऊजी केक मांडीवर घेऊन बसले होते, खेळण्याच्या दुकानातल्या पोरासारखे. ताईनं खोक्याचं झाकण उचलून पाहिलं. केकवरचं एक फूलही हललं नव्हतं.

"बघितलंस? झाली चालू!"

ताईनं खोकं उचललं आणि दारात उभ्या टॅक्सीकडे निघाली.

"अगं, आता आपली गाडी आहे की! मी येतो ना."

"नको," ताई वळूनही न बघता म्हणाली. "तुम्ही तिथंच बसा. गाडीचा तोल बिघडेल."