मिस्त्रींचं वर चढलेलं पोट

फरश्या बसवणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य ओणव्यानं जातं. मिस्त्रींची तीस वर्षं तशीच गेली होती, आणि त्यांतली शेवटची चार जळजळीत. वाकलं की खाल्लेलं घशाशी यायचं. खिशात पेन्सिलीशेजारी गोळ्यांचं पाकीट असायचंच. आडवं पडणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. पाठीला उशा लावून खुर्चीतच झोपायचे.

"माझा नवरा म्हणजे स्टेशनावरचा प्रवासी," बायको शेजारणीला सांगायची. "गाडी येत नाही आणि हे उठत नाहीत."

"पित्त आहे गं. कुणाला नसतं?" एवढ्यावर मिस्त्री विषय मिटवायचे.

त्या वेळी एका वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं काम चालू होतं. हाताखाली बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं तो सिमेंटचा माल कालवत होता, फरश्या कापत होता, सांधे भरत होता. पण फरशी बसवायला मिस्त्रींनी त्याला कधी दिली नाही. "तुझा हात जड आहे," एवढंच म्हणायचे.

एका सकाळी फरश्यांचं खोकं घेऊन जिना चढताना मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मेव्हण्यानं धरून पायरीवर बसवलं.

"भाऊजी, तुमचं तोंड सिमेंटसारखं दिसतंय."

"ताईला सांगू नकोस."

त्यानं अर्थातच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री इस्पितळात होते. हिमोग्लोबिन सात निघालं. शौचाचा रंग कसा असतो, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मिस्त्री खाली बघत पुटपुटले, "डांबरासारखा." बायकोनं कपाळाला हात लावला.

घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. सर्जन बाई ठेंगण्याशा, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं.

"छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. त्यात अन्ननलिका जाण्यापुरतं भोक. तुमचं ते सैल झालंय आणि निम्मं जठर छातीत चढून बसलंय. पडद्याच्या कडेवर ते घासतं, तिथे जखमा झाल्यात. त्यातून रोज थोडं थोडं रक्त जातंय. शिवाय आम्लानं अन्ननलिका खालून सोलवटलीय."

"म्हणजे हे पित्त नाही?"

"गोळ्यांनी आग कमी होते हो. पोट कसं खाली येईल?"

उपाय त्यांनी सरळ सांगितला. आधी शिरेतून लोह द्यायचं, मग शस्त्रक्रिया. पोटाला पाच बारीक छिद्रं पाडून जठर खाली ओढायचं, भोक टाके घालून बेताचं करायचं, आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवायचा, म्हणजे आम्ल वर येणार नाही. मिस्त्री शांतपणे ऐकत होते. पण "नंतर दोन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही," म्हटल्यावर ते ताडकन उठले.

"मग वाचनालयाची फरशी कोण बसवणार?"

"माझा भाऊ," बायको म्हणाली.

"तो?"

"अकरा वर्षं तुमच्या शेजारी बसून काय माशा मारत होता?"

सर्जन बाईंनी हसू दाबायला कागदात डोकं घातलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले आणि पलंगावर चक्क आडवे झाले. काही वर आलं नाही. खांदा मात्र दुखत होता. शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे दुखतं, जाईल, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. पहिले दिवस नुसतं पातळ, मग मऊसर. एकदा धीर सुटून त्यांनी पावाचा मोठा तुकडा कोंबला आणि तो छातीत असा अडकला की डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं घाबरून फोन लावला. आतली सूज ओसरेपर्यंत असं होणारच, उत्तर आलं. लहान घास घ्या, चावून खा. थोड्या वेळानं घास उतरला.

इमारतभर घुमणारी ढेकर मात्र यायची बंद झाली.

"खालच्या मजल्यावरचे विचारत होते," बायको म्हणाली, "मिस्त्री गावाला गेलेत का?"

पाचव्या आठवड्यात त्यांना राहवेना. बायकोला घेऊन ते वाचनालयात गेले. मेव्हण्यानं निमूट खुर्ची आणून ठेवली. मिस्त्रींनी बसल्या बसल्या काठीनं फरश्या ठोकून पाहिल्या. एकही पोकळ वाजली नाही. खांबाभोवती दोन्हीकडचे तुकडे अगदी सारखे कापलेले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही कामात असायचात, मी बघत असायचो."

मिस्त्री बराच वेळ चूक शोधत राहिले. सापडेना. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "यापुढे मोठी दालनं तुझी. मी कोपरे बघेन. तेही दोन महिने भरल्यावर."

मेव्हणा खाली वाकून सांध्यावरचा माल पुसू लागला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. ताईनंच पदरानं त्याच्या गालावरची सिमेंटची पूड पुसली. मग तिघांनी खिडकीपाशी डबा उघडला. मिस्त्री एकेक घास सावकाश चावत होते, आणि नव्या फरशीवर पडलेलं ऊन बघत होते.

"अहो, जेवण होणार की संध्याकाळ?" बायकोनं विचारलं.

"होऊ दे की संध्याकाळ," मिस्त्री म्हणाले, आणि आणखी एक लहानसा घास घेतला.