पूर्ण वाक्यात सांग

"बच्ची बोल रई तो बोलने दो, मॅडम. गलती निकालते रहे तो चुप हो जाती," रेवाच्या इंग्रजीच्या सुजाता टीचर मला शाळेच्या गेटवर म्हणाल्या होत्या. मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, यांना काय जातंय. मागे पडेल ती माझी मुलगी.

पुण्याहून या नव्या शहरात, बरकतपुऱ्यात राहायला आल्यावर मी घरात फक्त इंग्रजी बोलायचा नियमच केला होता. सहा वर्षांची रेवा काही मागायला आली की मी म्हणायची, "पूर्ण वाक्यात सांग." चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू ती काही मागेनाशीच झाली. मला वाटलं, शहाणी झाली पोरगी.

परवा सकाळी तिची उशी ओली दिसली. कान वाहत होता. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. तीन-चार दिवस तरी दुखत असणार.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

ती मराठीतच पुटपुटली, "वाक्य येत नव्हतं."

तुमच्या घरात असं एखादं गप्प झालेलं मूल असेल, तर आत्ता उठा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. कुठे दुखतंय का, विचारा. कसंही सांगू दे त्याला.