भोकं नसलेलं बटण

काय शोधताय, शर्टाचं बटण? मग माझं झाकण उघडा, पण जरा जपून, कडेला गंज चढलाय. मी शिवणयंत्राशेजारच्या फळीवरचा बटणांचा डबा बोलतोय. जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं आठवड्यात संपली, पण शिंपीणबाईंनी मला टाकलं नाही. चिंधीसुद्धा जपून ठेवणारी बाई ती, मला कशी टाकेल!

सुरुवातीचे दिवस आठवले की आजही भरून येतं. नवरा काजं करायचा, बाई बटणं लावायच्या. गिऱ्हाईक कापड आज आणायचं आणि कपडे त्याला कालच हवे असायचे. ते पायऱ्या उतरलं की दोघं पोट धरून हसायची.

मग नवरा गेला. घरच्यांना सांगितलं, छातीत कफ झाला होता. खरं कारण एचआयव्ही होतं, आणि तपासणीत बाईंच्या रक्तातही तेच निघालं.

दवाखान्यातून आल्या आल्या बाईंनी दार लावलं. गोळ्या माझ्या तळाशी ओतल्या, वर बटणं पसरली आणि औषधाचं नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीचे कात्रीने तुकडे केले. बटणांच्या डब्यात कोण बघतंय? त्या दिवसापासून रोज सकाळी आठच्या ठोक्याला माझं झाकण उघडायचं. एक गोळी, भांडंभर पाणी, मग पोटभर न्याहारी आणि गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर. खोकला अंगावर काढायचा नाही, रक्ततपासणी चुकवायची नाही, असं बाई स्वतःलाच दटावायच्या. वर्षभरात तब्येत अशी सुधारली की आवळलेले ब्लाउज त्यांना पुन्हा उसवून सैल करावे लागले. मला केवढा अभिमान वाटायचा!

आणि मग वन्सं आल्या, म्हणजे बाईंची थोरली नणंद. पाय प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी. मुक्काम नेमका माझ्या फळीखालच्या खाटेवर. बाईंचा हात माझ्याकडे यायचा, वन्सं विचारायच्या, "काय हवंय गं?" आणि हात मागे जायचा. असे तीन दिवस गेले. मी नुसता जीव मुठीत धरून बसलो होतो. डब्याला मूठ नसते, पण तुम्हाला कळलं असेल.

चौथ्या दिवशी बसून बसून कंटाळलेल्या वन्संनी मला मांडीवर घेतलं. "दे इकडे तो कोट, बटणं मी लावते." चष्मा कपाळावरच. सुई ओवली, आत चाचपलं आणि एक उचललं.

"अगं, हे लांबट बटण कुठलं? याला भोकंच नाहीत!"

यंत्र थांबलं. वन्संनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"गोळी आहे ती," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाला होता तोच आजार. एचआयव्ही. मलाही आहे." आणि मान खाली घालून त्या बसून राहिल्या. आता आपल्याला नातं राहिलं नाही, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

वन्संनी सुई कोटात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "कधी घ्यायची असते?"

"सकाळी आठला, रोज."

"आणि मी आल्यापासून?"

बाईंनी नुसती नकाराची मान हलवली.

"भाऊ लपवत लपवत गेला. तू नको गं जाऊस." वन्संनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला. "बघत काय बसलीस? पाणी आण! का मी जाऊ या मोडक्या पायाने?"

बाईंनी गोळी घेतली. भांड्यात घोटभर पाणी उरलं होतं, ते वन्संनी त्याच भांड्याने पिऊन टाकलं आणि कोट पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी वन्संनी बाईंना दवाखान्यात पिटाळलं. तिथल्या नर्सबाई ओरडल्याच. म्हणाल्या, गोळ्या त्यांच्याच बाटलीत ठेवायच्या, त्यांना ओल लागू द्यायची नाही; आणि चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम चार घ्यायच्या नाहीत.

तेव्हापासून नवी बाटली उघड्या फळीवर असते, नावासकट. वन्सं आपल्या घरी गेल्या, पण रोज आठला त्यांचा फोन वाजतो. "घेतलीस?"

माझ्याकडे आता फक्त बटणं. कोणाचं तुटलं, तरच झाकण उघडतं. सकाळचा तो हात आठवतो, खोटं कशाला बोलू? पण आठ वाजता तो माझ्यावरून सरळ पुढे जातो, काहीही न लपवता, तेव्हा वाटतं, असंच होऊ दे. मला पुन्हा कधी त्या कामाला लावू नका.